सोडणे आणि सुटणे : नागरिकत्वाचा कागद आणि स्थलांतराचे मराठी वाङ्मय

१

‘विस्थापन’ ही संज्ञा मराठी समीक्षेत गेल्या काही दशकांत इतकी सैल झाली आहे, की तिच्या साहाय्याने कोणताही भेद करता येईनासा झाला आहे. पवना धरणाच्या पाण्याखाली ज्याची जमीन गेली तो मावळातील शेतकरी विस्थापित, आणि न्यू जर्सीत स्थायिक होऊन तीस वर्षांनी आपल्या गावाविषयी लिहिणारा अभियंताही विस्थापितच. दोघांच्याही लेखनात, किंवा दोघांविषयीच्या लेखनात, तुटलेली मुळे, हरवलेली वाट, परत न येणारे अंगण ही आशयसूत्रे आढळतात. आणि आशयसूत्रांच्या साम्यावर समाधान मानणारी समीक्षा दोघांना एकाच प्रकरणात बसवून मोकळी होते. हे साम्य खोटे नाही. परंतु जे साम्य इतक्या सहजपणे हाती लागते, त्याने काय झाकले आहे हे तपासणे समीक्षेचे काम आहे.

या तपासणीसाठी वाङ्मयाच्या सीमेबाहेरच्या काही संहितांची मदत घेता येईल. स्थलांतर आणि विस्थापन ही दोन्ही आधुनिक काळात प्रथम कागदावर घडतात. अमेरिकेत कायम वास्तव्याचे कार्ड, त्याच्या नूतनीकरणाचा अर्ज, नागरिकत्वाचा अर्ज आणि शेवटी शपथ. मावळात भूसंपादनाची अधिसूचना, नोटीस, निवाडा आणि सातबाऱ्यावरचा फेरफार. या कागदांचे गद्य रूक्ष असते हे खरे. पण रूक्ष गद्यालाही व्याकरण असते, आणि त्या व्याकरणात कर्ता कोणत्या विभक्तीत उभा आहे, मुळात उभा आहे की नाही, याचे उत्तर तेथे चुकवता येत नाही. मराठीत ‘मी गाव सोडले’, ‘मला गाव सोडावे लागले’ आणि ‘गाव सुटले’ ही तीन विधाने एकाच घटनेविषयी असू शकतात. पहिल्यात कर्ता स्पष्ट आहे. दुसऱ्यात तो ‘मला’ म्हणून चतुर्थीत मागे सरकला आहे आणि सक्ती पुढे आली आहे. तिसऱ्यात क्रियापद अकर्मक झाले आहे, सोडणारा माणूसच वाक्यातून नाहीसा झाला आहे. स्थलांतराच्या मराठी वाङ्मयाचे आवडते क्रियापद हे तिसरे आहे. कागदाला मात्र ‘सुटणे’ ठाऊक नाही.

२

१९६५च्या कायद्याने अमेरिकेने राष्ट्रीय मूळावर आधारलेली प्रवेशसंख्येची जुनी पद्धत मोडीत काढली आणि त्यानंतर डॉक्टर, अभियंते, शास्त्रज्ञ असा शिक्षित मराठी वर्ग तेथे जाऊ लागला. या वर्गाच्या हाती जे कार्ड आले त्याला ‘ग्रीन कार्ड’ म्हणत असले तरी ते बहुधा हिरवे नव्हते. १९६४ नंतर त्याचे रंग बदलत गेले आणि २०१० पासून ते पुन्हा हिरवे झाले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की १९८९ पर्यंत दिल्या गेलेल्या कित्येक कार्डांवर मुदतच छापलेली नव्हती. दहा वर्षांची मुदत आणि तिच्यासोबत येणारे नूतनीकरण हा त्यानंतरचा प्रकार आहे. पहिल्या पिढीतील स्थलांतरिताला ‘तात्पुरते आलो आहोत, परत जाऊ’ ही भावना वर्षानुवर्षे बाळगता आली, याचे एक साधे कारण असे असावे, की तो विषय काढणारा कागद त्याच्या पाकिटात नव्हता.

मुदतीच्या कार्डाने ही स्थिती बदलली. दर दहा वर्षांनी ‘आय-९०’ हा अर्ज भरावयाचा. कार्डाची मुदत संपली म्हणून वास्तव्याचा हक्क संपत नाही, फक्त त्याचा पुरावा शिळा होतो. तरीही नोकरी बदलताना, परदेशातून परतताना, वाहन परवाना काढताना पुरावाच मागितला जातो. नूतनीकरण हा म्हणून निर्णय पुढे ढकलण्याचा अधिकृत मार्ग आहे. त्याच्या अर्जात काहीही सोडावे लागत नाही. वाङ्मयीन परिभाषेत बोलायचे तर तो कथानकातील विलंब आहे.

नागरिकत्वाच्या ‘एन-४००’ या अर्जाची प्रकृती वेगळी आहे. सर्वसाधारणपणे पाच वर्षांचे, आणि नागरिक जोडीदाराबरोबर राहणाऱ्यास तीन वर्षांचे, कायम वास्तव्य झाल्यावर तो करता येतो. पाच वर्षांपैकी निदान तीस महिने प्रत्यक्ष त्या देशात काढलेले असावे लागतात. सहा महिन्यांहून लांबलेली एकच अनुपस्थिती वास्तव्याच्या सलगतेविषयी शंका उपस्थित करते, आणि वर्षभराची अनुपस्थिती ती सलगता तोडते. अर्जात राहण्याचे पत्ते, नोकऱ्या आणि चोवीस तासांहून अधिक काळ देशाबाहेर घालवलेला प्रत्येक प्रवास नोंदवावा लागतो. हे एक सक्तीचे आत्मचरित्र आहे. त्यात आईच्या आजारपणासाठी पुण्यात काढलेले चार महिने ‘अनुपस्थिती’ या सदरात मोडतात. ललित लेखनात हेच चार महिने ‘घरी होतो’ असे लिहिले जातात. एकाच कालखंडाची ही दोन निवेदने परस्परांना छेद देतात आणि स्थलांतरिताचे खरे द्वंद्व या छेदबिंदूवर आहे. बर्फ, पुरणपोळी आणि गणेशोत्सव यांच्या वर्णनांत ते क्वचितच सापडते.

या प्रक्रियेत मराठी भाषेलाही एक अरुंद जागा आहे. पन्नाशी ओलांडलेल्या आणि वीस वर्षे कायम वास्तव्य केलेल्या, किंवा पंचावन्न वर्षांवरील आणि पंधरा वर्षे वास्तव्य केलेल्या अर्जदारास इंग्रजीच्या परीक्षेतून सूट आहे; नागरिकशास्त्राचे प्रश्न तो दुभाष्याच्या मदतीने आपल्या भाषेत सोडवू शकतो. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी ही परीक्षा १२८ प्रश्नांच्या संचातून वीस प्रश्नांची झाली असून त्यांतील बारा उत्तरे बरोबर यावी लागतात. मुलाकडे राहावयास गेलेली आणि तेथेच राहिलेली एखादी वृद्ध आई अमेरिकेच्या राज्यघटनेतील सत्ताविभाजन मराठीत समजावून सांगते आहे, हा प्रसंग कायद्याने शक्य केला आहे. मराठी कथेला त्यात किती सामग्री आहे हे निराळे सांगण्याची गरज नसावी.

शेवटी शपथ. तीत अर्जदार प्रथमपुरुषी, वर्तमानकाळात, पूर्वीच्या राज्याविषयीची निष्ठा संपूर्णपणे सोडत असल्याचे उच्चारतो, आणि हे बंधन आपण मुक्तपणे, मनात कोणताही आडपडदा न ठेवता स्वीकारत आहोत असेही सांगतो. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५च्या व्याख्यानांत मांडलेली आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आलेली कल्पना येथे तंतोतंत लागू पडते : हा उच्चार कशाचे वर्णन करीत नाही, तो स्वतःच कृती आहे. त्या क्षणापर्यंत अर्जदार नागरिक नसतो, उच्चारानंतर असतो. त्या समारंभातच, ज्याचे कदाचित दोनदा-तीनदा नूतनीकरण झाले ते कार्ड परत द्यावे लागते. इकडे भारतीय नागरिकत्व कायदा, १९५५ याचे कलम ९ सांगते, की स्वेच्छेने अन्य देशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. मग भारतीय पारपत्र जमा करावयाचे. त्यानंतर हवे असल्यास ‘ओसीआय’ म्हणून नोंदणी. तिने आजीवन प्रवेश मिळतो, मतदानाचा हक्क मिळत नाही. निष्ठा, कार्ड, पारपत्र, असे ‘सोडणे’ तीनदा घडते आणि तिन्ही वेळा कर्ता प्रथमा विभक्तीत असतो.

३

ऑस्टिन यांच्या विवेचनात कृतिवाचक उच्चार दोन तऱ्हांनी बिघडतो. अटी पुऱ्या झालेल्या नसतील तर कृती घडतच नाही. उच्चारणाऱ्याच्या मनात तसा भाव नसेल तर कृती घडते, पण पोकळ घडते. नागरिकत्वाच्या शपथेच्या बाबतीत पहिला बिघाड प्रत्यक्ष घडल्याचे एक उदाहरण इतिहासात आहे आणि ते सखाराम गणेश पंडित या मराठी वळणाच्या नावाच्या वकिलाचे आहे.

अमेरिकेचा १७९०चा कायदा नागरिकत्व ‘मुक्त श्वेतवर्णीय’ व्यक्तींपुरते मर्यादित ठेवीत होता. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींची भर पडली. पंडितांना १९१४ मध्ये लॉस एंजेलिस येथे नागरिकत्व मिळाले. पुढे ते कॅलिफोर्नियात वकिली करू लागले आणि भगतसिंग थिंड यांच्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणात ते थिंड यांचे वकील होते. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने हिंदी माणूस ‘श्वेतवर्णीय’ ठरत नाही असा निर्णय दिला, आणि सरकारने यापूर्वी नागरिक झालेल्या हिंदी लोकांची नागरिकत्वे रद्द करण्यासाठी दावे लावले. त्यांत स्वतः पंडितही आले. सरकारचे म्हणणे थोडक्यात असे, की शपथेची अटच पुरी झालेली नव्हती, म्हणून शपथ घडलीच नाही.

पंडितांचा बचाव साहित्याच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. आपण त्या शपथेवर विसंबून काय काय केले, हे त्यांनी मांडले : व्यवसाय उभारला, अमेरिकन स्त्रीशी विवाह केला, मायदेशातील हक्क सोडले. म्हणजे ‘सोडणे’ हाच पुरावा झाला. जे सोडले ते परत मिळणार नाही, म्हणून जे मिळाले ते काढून घेता येणार नाही. एकदा सक्षम न्यायालयाने दिलेला निर्णय असा उलटवता येत नाही, ही कायदेशीर बाजूही त्यांच्या मदतीस होती. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूचा निकाल कायम केला आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे प्रकरण विचारार्थ घेण्यास नकार दिला. हिंदी लोकांना अमेरिकन नागरिकत्वाचे दार कायद्याने उघडले ते त्यानंतर, १९४६ मध्ये.

या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. स्थलांतरिताचे सोडणे हे केवळ भावनिक हानी नसते. त्याला विनिमयमूल्य असते. सोडलेले दाखवून काही मागता येते. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये अमेरिकेच्या लोकस्थितीविषयी ग्रंथ लिहिला तेव्हा त्या परतलेल्या प्रवासी होत्या, सोडण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. १९६५ नंतरच्या मराठी लेखकापुढे तो होता. तरीही त्याने बहुधा रमाबाईंचीच, म्हणजे पाहुण्याचीच, निवेदनभूमिका पुढे चालवली : देश पाहिला, नवल वाटले, घर आठवले. प्रवासवर्णनाचे निवेदन त्याला सोयीचे होते, कारण त्यात शपथ येत नाही.

४

आता मावळाकडे वळावे. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना यांच्या मधल्या खोऱ्यात पवना नदीवर १९७०च्या दशकाच्या प्रारंभी धरण पूर्ण झाले. त्याच्या लगतची वस्ती पवनानगर या नावाने ओळखली जाते; गावाने नदीचे नाव घ्यावे हे जुनेच, पण येथे ते धरणाच्या मार्गाने आले आहे. पाणी खाली पिंपरी-चिंचवडच्या उद्योगनगरीकडे जाते. जमीन घेतली गेली ती १८९४च्या भूसंपादन कायद्याने. त्या कायद्याच्या कागदांची भाषा ठरलेली आहे : सार्वजनिक प्रयोजनासाठी जमीन ‘संपादित करण्यात येत आहे’. कोण संपादित करीत आहे हे वाक्याबाहेर आहे, कोणाकडून हेही वाक्याबाहेर आहे. शेतकरी या संहितेत येतो तो ‘हितसंबंधित इसम’ म्हणून, आणि त्याला विचारले जाते ते त्याच्या हितसंबंधाचे स्वरूप आणि मागणीची रक्कम. हरकत नोंदवता येते. पण त्याच्या संमतीवाचून प्रक्रिया अडत नाही. ‘मी सोडतो’ असे म्हणण्याची वेळ त्याच्यावर येत नाही, कारण त्याच्या म्हणण्याने काहीच घडणार नसते.

कागदाचा उत्तरार्ध याहून बोलका आहे. प्रकल्पविस्थापितांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला कायदा १९७६चा. म्हणजे पवनेचे पाणी अडल्यानंतरचा. पुढे १९८६ आणि १९९९ मध्ये नवे कायदे आले. पवना धरणग्रस्तांपैकी अनेक कुटुंबांचा पर्यायी जमिनीचा प्रश्न मात्र दशकानुदशके लांबत राहिला. येथे पुरावा द्यावा लागतो तो आपण गमावल्याचा, आणि तोही पुन्हापुन्हा : प्रकल्पग्रस्त असल्याचा दाखला, बुडीत गटाचा उतारा, वारसनोंद. स्थलांतरिताच्या नूतनीकरणाला दहा वर्षांची मुदत आहे. धरणग्रस्ताच्या नूतनीकरणाला पिढीची. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे बंद जलवाहिनीच्या विरोधात मावळातील शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा मृत्यू झाला. त्या दिवशीच्या संतापामागे एका नळयोजनेपेक्षा अधिक काही होते. ज्याच्या वाक्यात कर्ता नव्हता, त्याने रस्त्यावर येऊन कर्ता होण्याचा प्रयत्न केला होता.

विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) ही कादंबरी या दृष्टीने पुन्हा वाचावी. धरणग्रस्तांच्या दैन्याचे चित्रण म्हणून तिचे कौतुक झाले आणि १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कारही तिला लाभला. परंतु तिचे बळ दैन्यापेक्षा कचेरीच्या चित्रणात आहे. माणूस अर्जदार होतो, अर्ज प्रकरण होतो आणि प्रकरण प्रलंबित होते, या क्रमात आहे. तेथे ‘सुटले’ म्हणण्याची चैन कोणालाच परवडत नाही. उलट, स्थलांतरिताच्या स्मरणलेखनात ‘सुटले’ हे क्रियापद कर्त्याला सोयीस्करपणे झाकून घेते. जेव्हा समीक्षा या दोन्हींना ‘विस्थापनाचे साहित्य’ म्हणते, तेव्हा ती एकाला न केलेल्या कृतीचे दुःख देते आणि दुसऱ्याकडून केलेल्या कृतीची जबाबदारी काढून घेते.

५

एवढ्यावर थांबले तर मात्र विवेचन सोपे होईल : स्थलांतरित स्वेच्छेने गेला, धरणग्रस्त सक्तीने. ‘स्वेच्छा’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. त्यासाठी मराठी घरांच्या परिचयाचा एक तिसरा कागद उपयोगी पडेल : हक्कसोडपत्र.

वडिलांच्या पश्चात बहिणी भावाच्या नावे आपला हिस्सा सोडतात, तो दस्त. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. त्यानंतरही हा दस्त दुय्यम निबंधकाच्या कचेरीत होतच राहिला. त्याच्या भाषेत ‘राजीखुशीने’, ‘कोणाच्याही दडपणाशिवाय’ अशी पदे हमखास असतात. सही करणारीला माहेर तुटण्याची धास्ती असते, हे लिहिणाऱ्याला, नोंदवणाऱ्याला आणि साक्षीदारांना ठाऊक असते. येथे कर्ता प्रथमेत आहे, उच्चार कृतिवाचक आहे, अटी पुऱ्या झालेल्या आहेत. आणि तरीही स्वेच्छा संशयास्पद आहे. स्वेच्छेचा उच्चार कायदा सक्तीने मागतो तो बहुतेकदा अशाच ठिकाणी, जेथे तिच्याविषयी शंका घेण्यास जागा असते.

नागरिकत्वाच्या शपथेतील ‘मनात आडपडदा न ठेवता’ हे पद हक्कसोडपत्राच्या शेजारी ठेवून वाचले म्हणजे स्थलांतरिताच्या स्वेच्छेचेही पदर दिसू लागतात. नोकरीच्या आधारे अर्ज करणाऱ्या भारतीयांपैकी अनेकांना देशनिहाय सात टक्क्यांच्या मर्यादेमुळे मुळात ग्रीन कार्डासाठीच दशकाहून अधिक काळ थांबावे लागते. कायम वास्तव्याच्या कार्डावर आईवडिलांना बोलावता येत नाही. ते नागरिकालाच शक्य आहे. भावंडांसाठी तर नागरिक होऊनही दीड दशकाहून अधिक प्रतीक्षा आहे. म्हणजे आईला जवळ आणण्यासाठी तिचा देश सोडावा लागतो. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ या नाटकात अमेरिकेतल्या मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले नाना-नानी मराठी प्रेक्षकाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. नाटकाने निवडलेली बाजू अर्थपूर्ण आहे. पण त्या मुलाच्या टेबलावर कोणता अर्ज पडून आहे, तो त्याने का भरला किंवा भरला नाही, हे नाटक पाहू शकत नाही. आणि त्यानंतरच्या मराठी वाङ्मयानेही ते पुरेसे पाहिलेले नाही.

पवनेच्या काठावरील एका घराची येथे कल्पना करून पाहावी. निम्मी जमीन पाण्याखाली गेली आहे, उरलेल्या सातबाऱ्यावर तीन वारस आहेत : गावात राहणारा थोरला, तळेगावला दिलेली बहीण आणि अमेरिकन नागरिक झालेला धाकटा. धाकट्याला आता भारतात शेतजमीन विकत घेता येणार नाही, वारसाहक्काने मात्र त्याचे नाव उताऱ्यावर राहू शकते. त्याने देश सोडला, हिस्सा सोडलेला नाही. बहिणीने हिस्सा सोडला, गावाशी नाते सोडलेले नाही. थोरल्याने काहीच सोडले नाही. त्याचे घेतले गेले. एकाच घरात ‘सोडणे’ या क्रियापदाचे तीन प्रयोग नांदत आहेत, आणि तिघेही सणावारी एकत्र बसून ‘आपले गाव सुटले’ असेच म्हणतील. या वाक्यातील आपुलकी खरी आहे. त्याच्याखालचे तीन कर्ते वेगळे करून दाखवणे हे कादंबरीचे काम आहे. कादंबरीने ते केले की नाही हे पाहणे समीक्षेचे.

यावर असा आक्षेप संभवतो, की कायद्याच्या कागदांनी वाङ्मयाचे मोजमाप करणे म्हणजे कलाकृतीला दस्तऐवजाच्या पातळीवर आणणे होय. आक्षेप रास्त आहे, पण तो येथे लागू होत नाही. कागद येथे निकष म्हणून आणलेला नाही. तो प्रतिसंहिता म्हणून समोर ठेवला आहे. कागदाला मन नसते, त्यामुळे राजीखुशीखालचे दडपण तो नोंदवू शकत नाही. ललित लेखनाला मन असते, त्यामुळे कर्ता लपवण्याचा मोह त्याला होतो. एकाची उणीव दुसऱ्याच्या साहाय्याने दिसते.

स्थलांतराच्या मराठी वाङ्मयाचे पुढील वाचन म्हणून एका साध्या प्रश्नाने सुरू करता येईल : या संहितेत कोणी काय सोडले, आणि ते सांगताना कर्ता कोणत्या विभक्तीत ठेवला आहे? हा प्रश्न परदेशस्थ लेखकाच्या दुःखाला नाकारीत नाही. शपथ घेताना ज्याचा आवाज अडखळला, त्याचे दुःख ‘सुटले’ या शब्दात मावणारे नाही, हेच तो सुचवतो. आणि ज्याला कोणतीही शपथ विचारली गेली नाही, त्या पवनाकाठच्या माणसाला त्याच शब्दाखाली झाकू नये, एवढी मागणी तो समीक्षेकडे करतो.